उत्तर बरोबर आलं, म्हणजे कळलं का?

१६/६४ या अपूर्णांकाचं संक्षिप्त रूप विचारलंय. एक मुलगा वरच्या १६ मधला ६ खोडतो, खालच्या ६४ मधलाही ६ खोडतो, उरतं १/४. उत्तर बरोबर. २६/६५ ला हेच करून बघा, २/५ येतं, तेही बरोबर. १९/९५ चं १/५, तेही. आता १३/३९ घ्या. दोन्हीकडचा ३ खोडला की उरतं १/९, आणि खरं उत्तर आहे १/३.

शेजारच्या बाकावरच्या मुलीनं अंश आणि छेद दोन्हींना १६ नं भागून १/४ काढलंय. तिसऱ्यानं तिच्या वहीत डोकावून काढलंय. पर्यायी उत्तरांच्या पेपरात तिघांनी एकच गोल काळा केला आणि तिघांना एकेक गुण मिळाला. तपासणाऱ्या यंत्राचं काही चुकलं नाही. जेवढं बघायला सांगितलं होतं तेवढं त्यानं बघितलं. पण तिघांना हे गणित सारखंच कळलंय, असं आपण म्हणणार नाही. मग फरक नेमका कुठे आहे?

या प्रश्नावर तत्त्वज्ञांची जवळजवळ चोवीसशे वर्षं गेली आहेत. त्या शाखेचं भारदस्त नाव ज्ञानमीमांसा. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ती एका प्रकरणात येते, ‘संवादात्मक अध्यापन’ दुसऱ्या प्रकरणात येतं, आणि दोघांची ओळख कुणी करून देत नाही. माझ्या मते तो एकच विषय आहे. ज्ञान कशाला म्हणायचं हे आपण मनात जसं ठरवलेलं असतं, त्यावरून वर्गात कोणी किती बोलायचं हेही ठरतं. हे जरा सावकाश बघू. उदाहरणं शक्यतो आमच्या बडोद्यातलीच घेतो, कारण या विषयाचे बरेच धागे या गावातून गेलेले आहेत.

विश्वामित्रीतली मगर

बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगतो: बडोद्याच्या मधून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत. पिंजऱ्यातल्या नव्हेत, मोकळ्या. पुलावरून जाताना काठाच्या चिखलात ऊन खात पडलेल्या दिसतात.

समजा, तुम्ही पुलावर उभे आहात. खाली काठावर लांबट, खवल्यांचं काहीतरी दिसतं. तुम्ही म्हणता, “तिथे मगर आहे.” खरं तर ते पुरात वाहून आलेलं झाडाचं खोड आहे. पण त्याच खोडाच्या पलीकडे, तुम्हाला न दिसणारी एक खरी मगर पडलेली आहे. म्हणजे तुमचं वाक्य खरं आहे. तुमचा त्यावर विश्वास आहे. तो ठेवायला कारणही आहे, डोळ्यांनी काहीतरी दिसलंय. तरी ‘तुम्हाला ठाऊक होतं’ असं म्हणायला जीभ रेटत नाही.

खरा, आणि सकारण असलेला विश्वास म्हणजे ज्ञान, ही व्याख्या प्लेटोच्या एका संवादात मांडली जाते (आणि तिथे सॉक्रेटिसच ती मोडूनही काढतो, हे बरेच जण विसरतात). एडमंड गेटिये नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६३ मध्ये अवघ्या तीन पानांचा लेख लिहून दाखवलं, की तिन्ही अटी पुऱ्या होऊनही ज्ञान झालेलं नसतं. योगायोग मध्ये शिरू शकतो. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात या तीन पानांनी जो धुरळा उडवला तो अजून खाली बसलेला नाही.

हे कोडं आपल्याकडे फार आधी पडलं होतं. आठव्या शतकातला बौद्ध तर्कपंडित धर्मोत्तर याचं उदाहरण बघा. मांस भाजायला विस्तव नुकताच पेटवलाय, धूर अजून निघालेला नाही, पण मांसावर माश्यांचा थवा घोंगावतोय. दुरून बघणाऱ्याला तो थवा धुरासारखा वाटतो आणि तो म्हणतो, तिथे अग्नी आहे. अग्नी आहेच. पण त्याला तो ‘कळला’ का? बाराव्या शतकात श्रीहर्षानं तर आणखी साधं उदाहरण दिलं: मुठीत किती कवड्या आहेत हे कुणीतरी उगाच ठोकून दिलं आणि ते बरोबर निघालं.

यावर पाश्चात्त्य पंडितांनी सुचवलेले उपाय डझनाने मोजता येतील. शिक्षकाच्या कामाचा वाटतो तो मात्र न्यायदर्शनाचा, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या शाखेचा मार्ग. नैयायिक, म्हणजे त्या शाखेचे पंडित, विचारतात, हे तुझ्याकडे आलं कुठल्या वाटेनं? ती वाट निर्दोष होती का? या वाटांना ते प्रमाणं म्हणतात आणि ती चार मानतात. प्रत्यक्ष, म्हणजे मगर स्वतः बघितली. अनुमान, म्हणजे चिखलात शेपटी घासल्याचा पट्टा आणि पायांचे ठसे बघून ताडलं. उपमान जरा गमतीचं आहे: “सुसर मगरीसारखीच असते, पण तोंड लांब आणि निमुळतं” एवढं ऐकून गेलेलं मूल प्राणिसंग्रहालयात ती बघताक्षणी ओळखतं, ते उपमान. आणि चौथं शब्द, म्हणजे विश्वासू माणसानं सांगितलं म्हणून कळलं.

सहा खोडणाऱ्या मुलाचं उत्तर खरं होतं, वाट सदोष होती. आणि वाट उत्तरावर लिहिलेली नसते. ती कळायची तर एकच उपाय, त्याला विचारायचं: “कसं काढलंस?” ज्ञान म्हणजे नुसतं बरोबर उत्तर असतं, तर संवादाची गरज नव्हती, यंत्रानं भागलं असतं. ज्ञानात ‘कशावरून’ येतं, म्हणून बोलणं आलं. वर्गातला संवाद हा मुलांचा मूड चांगला ठेवण्यासाठी केलेला प्रकार असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

सांगितलेलं ज्ञान

गेल्या वीस वर्षांत ‘मुलानं स्वतः शोधलं पाहिजे’ हे वाक्य इतकं घासलं गेलंय, की सांगून शिकवणं म्हणजे जणू गुन्हा. यात मला तथ्य दिसत नाही. आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक आपण कुणाकडून तरी ऐकलेलं किंवा वाचलेलं आहे. आपली जन्मतारीखसुद्धा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपल्यापैकी कितीजणांनी स्वतः पडताळलंय? नैयायिकांनी शब्दाला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला तो विचार करूनच.

मात्र त्यांनी अट घातली. सांगणारा ‘आप्त’ हवा. न्यायसूत्रं हा या शाखेचा मूळ ग्रंथ, त्यावरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात (हा कामसूत्रवाला नव्हे) आप्ताची ओळख अशी दिलीय: ज्यानं ती गोष्ट स्वतः नीट जाणलेली आहे, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे. पुढे तो एक विलक्षण वाक्य टाकतो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. म्हणजे कोण बोलतोय याची जात-कूळ बघू नका, जाणून बोलतोय का आणि प्रामाणिकपणे बोलतोय का एवढं बघा. हे दीड हजार वर्षांपूर्वीचं. याच्याकडे पुन्हा येऊ.

हीच कसोटी मोबाईलमधल्या चॅटबॉटला लावून बघा. हल्ली मुलं गृहपाठ त्यालाच विचारतात. तो उत्तर देतो, बहुतेक वेळा बरं देतो. पण त्यानं मगर बघितलेली नाही, आणि ‘जसं जाणलं तसं सांगावं’ अशी इच्छा त्याला असते असं म्हणणंही अवघड. त्याचं बोलणं आप्तवचनात बसत नाही. फार तर ते अनुमानाचं साधन धरावं: हा असं म्हणतोय, तर त्यावरून काय ताडता येईल आणि कुठे ताडून बघता येईल? वापरायला बंदी करण्यापेक्षा मुलांना हा भेद शिकवणं जास्त उपयोगाचं.

या चर्चेत एक खट्याळ आवाजही आहे. जयराशी भट्ट नावाचा एक पंडित प्रत्येक प्रमाण एकेक करून उडवून लावतो. कुठलीच वाट खात्रीची नाही म्हणतो. त्याच्या ग्रंथाचं हस्तलिखित १९२६ मध्ये पाटणच्या एका भांडारात पंडित सुखलालजींना मिळालं, आणि १९४० मध्ये तो आमच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमधून छापला गेला. पाटण तेव्हा बडोदा संस्थानातच होतं. संस्थानानं १९१६ पासून ही ग्रंथमाला चालवली आणि पुढे प्राच्यविद्या मंदिरानं ती सांभाळली. शांतरक्षिताचा तत्त्वसंग्रह हा प्रचंड ग्रंथही कमलशीलाच्या टीकेसह याच मालेत १९२६ साली आला. त्याचं एक वैशिष्ट्य इथे सांगण्यासारखं आहे. शांतरक्षित बौद्ध. खंडन करायला घेतलेल्या प्रत्येक मताची बाजू आधी तो आणि टीकाकार इतक्या तपशिलात मांडतात, की ज्यांचे स्वतःचे ग्रंथ आज हरवले आहेत अशा कित्येक प्रतिपक्ष्यांची मतं आपल्याला कळतात ती या विरोधकांच्या पुस्तकातून.

याला पूर्वपक्ष म्हणतात. दुसऱ्याचं म्हणणं आधी त्याला पटेल इतकं नीट मांडायचं, मग आपलं.

वाद आणि जल्प

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार केलेत. खरं काय ते दोघांनी मिळून शोधायचं असेल तर तो वाद. इथे वाद म्हणजे भांडण नव्हे. जिंकण्यासाठी बोलायचं, शब्दच्छल आणि चकवेही चालवायचे, तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडत राहायचं, ती वितंडा. सूत्रकार भोळे नाहीत. कोवळ्या रोपाभोवती काटेरी कुंपण घालतात तसे जल्प आणि वितंडा कधीकधी लागतात, असं ते मान्य करतात. पण वाद कोणाशी करावा याची त्यांनी जी यादी दिलीय ती शिक्षकांनी वाचण्यासारखी आहे: शिष्य, गुरू, सहाध्यायी, आणि हिताची इच्छा असलेले, मत्सर नसलेले जाणकार. गुरू आणि शिष्य दोघंही त्या यादीत आहेत. म्हणजे शिष्यानं नुसतं ऐकायचं असं इथे गृहीत धरलेलं नाही.

आता शाळेतली वादविवाद स्पर्धा आठवा. चिठ्ठी काढून बाजू मिळते. मुलाला स्वतःला काय वाटतं याला किंमत नाही. वेळ संपल्याची घंटा वाजते, टाळ्या पडतात, ढाल मिळते. समोरच्याचं पटलं म्हणून कुणी मधेच “तुझं बरोबर आहे, मी माझं म्हणणं बदलतो” असं म्हणालं तर तो संघ हरतो. न्यायशास्त्राच्या भाषेत हा शुद्ध जल्प झाला. वक्तृत्वाचा सराव म्हणून तो असायला माझी हरकत नाही. आमच्याकडे गणेशोत्सवात वक्तृत्वाच्या स्पर्धांना मराठी पालक पोरांना हौसेनं तयार करून आणतात, आणि सभेत उभं राहण्याची भीती तिथेच मोडते. फक्त याला विचार करायचं शिक्षण समजू नये. वादाचा सराव हवा असेल तर स्पर्धेत एकच नियम वाढवावा: आपला मुद्दा मांडण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, आणि ‘हो, हेच म्हणायचं होतं’ असं तो म्हणाला तरच पुढे जायचं.

पाश्चात्त्य परंपरेत संवादाचा आद्यपुरुष म्हणून सॉक्रेटिसचं नाव घेतात. प्लेटोनं रंगवलेला एक प्रसंग शिक्षणशास्त्रात फार गाजलाय. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दोन फूट बाजूचा चौरस दाखवतो आणि याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला सांगतो. मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करा. तसं केल्यावर क्षेत्रफळ चारचं सोळा होतं, हवं होतं आठ. मग तो तीन फूट म्हणतो, नऊ येतं. मुलगा अडतो, म्हणतो मला नाही माहीत. सॉक्रेटिस खूश होतो, कारण आधी त्याला आपल्याला येतं असं वाटत होतं, आता येत नाही हे तरी कळलं. शेवटी प्रश्न विचारत विचारत तो त्याला कर्णापर्यंत नेतो: मूळ चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस बरोबर दुप्पट असतो.

प्रसंग सुंदर आहे, पण मला तो पुरा पटत नाही. शेवटच्या टप्प्यात मुलगा बहुतेक ‘हो’, ‘तसंच आहे’ एवढंच म्हणतो. कर्ण सॉक्रेटिसनं काढला. आणि मुलानं स्वतःहून एकही प्रश्न विचारला नाही. त्याचं नावसुद्धा प्लेटोनं दिलेलं नाही. अडल्याची जाणीव करून देणं हा यातला खरा धडा. बाकीचं म्हणजे प्रश्नचिन्हं लावलेलं व्याख्यान.

अशी व्याख्यानं आपल्या वर्गांत रोज होतात. वर्गातल्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण करून अभ्यास करणाऱ्यांना १९७० च्या दशकात एक ठरलेला साचा आढळला: शिक्षक विचारतो, मूल उत्तर देतं, शिक्षक शेरा मारतो, पुढचा प्रश्न. उत्तर शिक्षकाला आधीच माहीत असतं. त्याच सुमारास मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी साधारण एक सेकंद थांबतात, मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. तो वेळ तीन सेकंदांच्या वर नेला, तर उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. पैसे नाहीत, प्रशिक्षण नाही, फक्त दोन सेकंद गप्प राहायचं. प्रत्यक्षात ते किती जड जातं हे वर्गात उभं राहिलेल्यालाच माहीत.

पूर कुठून आला?

ज्याँ पियाजे आणि लेव वायगॉट्स्की ही नावं डी.एड.-बी.एड. केलेल्या प्रत्येकानं घोकलेली असतात. दोघं १८९६ चे. पियाजे तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता. काम होतं बरोबर उत्तरं मोजायचं. त्याला चुकीच्या उत्तरांतच रस वाटू लागला. ठरावीक वयाची मुलं ठरावीक पद्धतीनं चुकतात, म्हणजे त्या चुकीमागे काही विचार आहे. मूल रिकामं नसतं, त्याच्या डोक्यात जगाचा एक नकाशा असतो आणि नवी माहिती तो त्या नकाशात बसवायला बघतो, न बसल्यास नकाशा बदलतो. वायगॉट्स्की सोव्हिएत रशियातला, क्षयानं ३७ व्या वर्षी गेला. त्याचं म्हणणं, विचार करणं हे मुळात दोघांतलं बोलणं असतं आणि तेच पुढे मनात शिरतं. मूल एकट्यानं जिथवर पोचतं आणि जाणत्याच्या मदतीनं जिथवर पोचू शकतं, त्या मधल्या पट्ट्यात शिक्षणाला जागा असते.

आपल्याकडे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये हे सगळं ‘ज्ञानरचनावाद’ म्हणून आलं, आणि आल्याबरोबर त्याचा एक अपभ्रंशही झाला: मूल स्वतः ज्ञान रचतं, म्हणजे ज्याचं त्याचं ज्ञान वेगळं आणि सगळ्यांचंच बरोबर. असं पियाजेनं म्हटलं नाही, वायगॉट्स्कीनंही नाही. रचलेलं पडूही शकतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, शहराचा मोठा भाग पाण्यात गेला आणि मगरी सोसायट्यांच्या आवारात शिरल्या. समजा त्यानंतर पाचवीच्या वर्गात प्रश्न आला, पूर कुठून आला? बहुतेक मुलं म्हणतील, आपल्याकडे खूप पाऊस पडला म्हणून. सखल वस्तीतली एखादी मुलगी म्हणेल, “आमच्याकडे पाऊस थांबल्यावर पाणी चढलं.” इथे शिक्षकानं थांबायचं. कारण ही मुलगी जे सांगतेय ते पाठ्यपुस्तकात नाही, तिचं प्रत्यक्ष आहे, आणि ते वर्गातल्या समजुतीला तडा देतंय. पाऊस थांबल्यावर पाणी कसं चढेल? आता नकाशा काढायचा. नदी पावागडच्या डोंगरातून येते. वर आजवा सरोवर आहे, सयाजीरावांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधून घेतलेलं. डोंगरातलं आणि सरोवरातून सोडलेलं पाणी शहरात पोचायला वेळ लागतो. नकाशा, आजव्याची माहिती हे मुलं स्वतः शोधू शकणार नाहीत. ते सांगावंच लागेल. शब्दप्रमाण. आणि पाणी कधी चढलं हे शिक्षक सांगू शकणार नाहीत, ते मुलीनंच सांगावं लागेल. दोन्ही जुळल्यावर अनुमान: पूर इथल्याच पावसाचा नसतो.

ज्ञानरचना म्हणतात ती अशी. भिंतींवर रंगीत चित्रं आणि जमिनीवर चौकोन आखले की ती झाली, असं नाही.

कोणाचं ऐकायचं

पण ती मुलगी बोललीच नाही तर? किंवा बोलली आणि कुणी मनावर घेतलं नाही तर? इथून पुढचा प्रश्न तर्काचा राहत नाही.

सयाजीराव गायकवाड स्वतः दत्तक येईपर्यंत, म्हणजे बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नसलेले. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये कायद्यानं ते सगळ्या संस्थानात नेलं. ब्रिटिश मुलखात तेव्हा त्याची फक्त मागणी होत होती. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकारानं कलाभवन निघालं. हातानं काम करत शिकायचं, आणि शक्य तितकं आपल्या भाषेतून. दादासाहेब फाळके तिथे शिकले. करून शिकण्याची ही कल्पना जगभर पसरवणारा जॉन ड्यूई शिकागोत आपली प्रयोगशाळा म्हणून शाळा काढतो ती १८९६ मध्ये. एकाचा दुसऱ्याशी संबंध होता असं मला म्हणायचं नाही.

संबंध आला तो नंतर. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि तिथे ड्यूई शिकवत होता. ड्यूईची मांडणी थोडक्यात अशी: लोकशाही ही नुसती राज्यपद्धती नाही, ती एकमेकांत मिसळून, एकमेकांचे अनुभव सांगत-ऐकत जगण्याची रीत आहे. शाळा हे तसं जगण्याचं ठिकाण, पुढच्या आयुष्याची तयारी नव्हे. १९१६ मध्ये त्यानं हे पुस्तकरूपानं मांडलं. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात हाच विचार आधाराला घेतला, ड्यूईचं ऋण मान्य केलं. मंडळानं मजकूर बदलायला सांगितला, त्यांनी नकार दिला, परिषद रद्द झाली आणि भाषण त्यांनी स्वतः छापलं. जातिभेद मोडायला निघालेल्या यजमानांनाच ते ऐकायचं नव्हतं.

मधे १९१७ आहे. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे नोकरीसाठी ते बडोद्याला आले. कचेरीत चपराशी कागद दुरून टाकत, प्यायला पाणी मिळत नसे, राहायला घर कुणी देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन हाकललं. कमाटीबागेत काही तास बसून काढले आणि गाडीनं मुंबईला परत गेले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. शिकवायला पैसे देणारं संस्थान आणि शिकून आलेल्याला कचेरीत उभं राहू न देणारे लोक, दोन्ही एकाच शहरातले. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा येऊन अकरा वर्षं झाली होती.

इंग्लिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये यातल्या एका बाजूला नाव दिलं: ज्ञानविषयक अन्याय. माणूस जाणून बोलतोय, पण तो ‘अमुक’ आहे म्हणून त्याच्या शब्दाला कमी वजन दिलं जातं. त्यात त्याचा अपमान होतो, आणि ऐकणाऱ्याचंही नुकसान होतं, कारण त्याला हवं असलेलं ज्ञान त्याच्यापर्यंत पोचत नाही. वात्स्यायनानं म्लेच्छालाही आप्त मानलं होतं ते आठवा. शास्त्रात होतं, व्यवहारात उतरलं नाही.

ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांनी हे प्रौढशिक्षणात उलटवून बघितलं. त्यांच्या देशात तेव्हा निरक्षरांना मताचा अधिकार नव्हता. १९६३ मध्ये अंगिकोस गावात त्यांनी सुमारे ३०० जणांना ४० तासांच्या आसपास वाचायला शिकवलं, तेही त्यांच्या रोजच्या कामातले, घरातले शब्द घेऊन आणि त्या शब्दांवर आधी गप्पा मारून. पुढच्या वर्षी लष्करी सत्ता आली, फ्रेरी तुरुंगात गेले, मग देशाबाहेर. विद्यार्थी हे जणू रिकामं खातं आणि शिक्षक त्यात ठेवी भरतो, ही टीका त्यांचीच. मला त्यांचं सगळं पटतं असं नाही. व्याकरण किंवा त्रिकोणमिती शिकवताना दर वेळी शोषक-शोषित यांची मांडणी उपयोगी पडत नाही. शिकवण्याआधी शिकणाऱ्याला काय ठाऊक आहे ते ऐकून घ्या, एवढा भाग मात्र कुठल्याही विषयाला लागू आहे.

बडोद्यातल्या आजच्या मराठी घरांत हा प्रश्न भाषेच्या रूपानं येतो. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. आजीबरोबर गच्चीवर सांडगे वाळत घालणाऱ्या नातवाला पक्कं माहीत असतं की उन्हापेक्षा वारा असला की लवकर वाळतात, आणि दाटीवाटीनं घातले तर आतून ओले राहतात. विज्ञानाच्या तासाला बाष्पीभवनाची व्याख्या इंग्रजीत विचारली की तोच गप्प. शिक्षिकेच्या वहीत त्याच्यापुढे ‘बोलत नाही’ असा शेरा. त्याला मराठीत किंवा गुजरातीत सांगू दिलं आणि इंग्रजी शब्द नंतर जोडला, तर वर्गाला एक जाणकार मिळतो. शिक्षिकेला मराठी येत नसेल, तरी वर्गातला दुसरा कुणीतरी भाषांतर करील.

संवादाला मर्यादा नाहीत असं नाही. पाढे पाठच करावेत. उघड्या तारेला हात लावू नको, नदीच्या काठाला उतरू नको, हे चर्चेला ठेवायचे विषय नव्हेत. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासात, प्रत्येकाला ‘कशावरून’ विचारणं होणार नाही. तासाला एका मुलाला नीट विचारलं तरी पुष्कळ. आणि ‘चर्चा घ्या’ असं सांगणारं परिपत्रक वरून येतं, त्यावर शिक्षकाचं मत कुणी विचारलेलं नसतं. ड्यूईनं १९०३ मध्येच लिहून ठेवलंय की पाठ्यपुस्तकं आणि पद्धती ठरवण्यात शिक्षकाला आवाज नाही, आणि ज्याला स्वतःला विचार करायची मोकळीक नाही त्याच्याकडून मुलांच्या विचारशक्तीची अपेक्षा आपण करतो आहोत. पुढच्या प्रशिक्षण वर्गात तज्ज्ञांचं भाषण झाल्यावर शिक्षकांनी हात वर करून “कशावरून म्हणता?” असं विचारलं, तर व्यासपीठावरून किती सेकंद शांतता राहते ते मोजून बघायला हरकत नाही.